पायाला पंजा केवढा हवा?

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. पण विहिरी आहेत, माजलगाव आणि मांजरा ही धरणे आहेत. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली मुले आपल्या वर्गात असतील. बेडूक मात्र पाय दोनदा झटकतो आणि पलीकडे जातो! त्याच्या मागच्या बोटांमध्ये पडदा असतो. मालवण-तारकर्लीला पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारणारे स्कूबा पाणबुडे पायांत जे 'फिन' घालतात, त्यांचे कामही हेच. फ्रान्सच्या लुई द कोर्लिय यांनी 1933 साली अशा फिनचे पेटंट घेतले.

रुंद पात्याचा फायदा काय? पाणी मागे ढकलले की आपण पुढे जातो. 1 किलो पाणी सेकंदाला 2 मीटर वेगाने ढकलले, तर त्याला मिळालेला संवेग 2 एकक आणि ऊर्जा 2 ज्यूल. 2 किलो पाणी 1 मीटर वेगाने ढकलले, तर संवेग तेवढाच, पण ऊर्जा फक्त 1 ज्यूल. म्हणजे पुष्कळ पाणी सावकाश ढकलणे स्वस्त पडते.

मग सर्वांत मोठा फिन घ्यावा का? बेंजामिन फ्रँकलिनने लहानपणी हातांत लाकडी फळ्या धरून पोहून पाहिले. वेग वाढला, पण मनगटे दुखू लागली. पायाचेही तसेच. मोठे, कडक पाते हलवताना पोटरीत गोळा येतो, धाप लागते. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असल्याने प्रत्येक श्वासाला टाकीतली दुप्पट हवा लागते. त्यात धाप लागली, तर टाकी लवकर रिकामी होणार. तिथे हवा म्हणजेच जीव.

म्हणून नवशिक्याने मध्यम लांबीचा, थोडा लवणारा फिन निवडावा. कोमट पाण्यात अनवाणी पायावर बुटासारखा चढणारा चालतो. खडकाळ किनाऱ्यावर जाड मोजे घालून, टाचेला पट्टा असलेला बरा. तो बोटांना चिमटू नये, टाचेशी सैलही नसावा. मात्र फिन कोणाला तरंगत ठेवत नाही. पोहणे आधी यायला हवे, हे मुलांना जरूर सांगावे.

शाळेच्या हौदात आधी तळहात, मग पाटी, मग परात पाण्यात आडवी रेटायला सांगा. जोर कशाला जास्त लागतो? आणि न थकता पन्नास वेळा काय रेटता येईल? फिन निवडताना दुसरा प्रश्न महत्त्वाचा.