पडीक माळावरचा वसंत

फाल्गुन सरत आला की पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील माळ पाहणाऱ्यास उजाड भासतो. गवत वाळून पिवळे पडलेले, ओढे आटलेले, बोरी-बाभळींवर धूळ. सासवडच्या पुढे जेजुरी-मोरगावच्या बाजूस सकाळी पायी निघालेल्या माणसाला प्रथम डोळ्यांत भरते ती बांधावरच्या पळसाची शेंदरी पेट. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांस पाठ असते. पण या दिवसांत त्या तीन पानांतले एकही झाडावर दिसत नाही, हे म्हण वापरणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात आले असेल? पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे निष्पर्ण होऊन फुलतात, त्यामुळे त्यांचा लाल-केशरी फुलोरा पक्ष्यांना दुरूनही दिसतो. मधासाठी आलेल्या पक्ष्याच्या डोक्याला पराग चिकटतात आणि फुलाचे काम होऊन जाते.

या झाडांवर सकाळी जो कलकलाट चालतो, त्यात भोरड्यांचा आवाज सर्वांत मोठा. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना. तिला पळसमैना असेही म्हणतात. ती येथील रहिवासी नव्हे. मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून येऊन हिवाळा येथे काढते आणि एप्रिलच्या सुमारास विणीसाठी परत जाते. ज्वारीच्या कणसांवर तिचे थवे उतरतात, तेव्हा शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर उभा राहतो, आणि त्याचा राग रास्तच आहे. मात्र हाच पक्षी टोळ-नाकतोड्यांचाही मोठा भक्षक आहे, ही जमेची बाजू सहसा कोणी मांडीत नाही.

माळाचे खरे वैभव मात्र झाडांवर नसून जमिनीवर आहे, आणि ते दिसण्यासाठी पावले जपून टाकावी लागतात. माळटिटवी घरटे बांधीत नाही. उथळ खळग्यात खड्यांच्या रंगाची अंडी घालते. धाविकाची रीतही तीच. चंडोल गवताच्या बुंध्याशी लहानसे घरटे करतो. उन्हाळ्याच्या तोंडावर या पक्ष्यांचा विणीचा काळ सुरू होतो, आणि माळ पेटविले जातात तेही याच सुमारास. जाळल्याने पुढील वर्षीचे गवत जोमाने येते, अशी समजूत आहे. गवत मुळाशी जिवंत राहते हे खरे. अंडी आणि पिले राहत नाहीत.

वणवा निदान डोळ्यांना दिसतो. शब्दाने झालेली हानी दिसत नाही. या भूमीला आपण ‘पडीक’ म्हणतो. केंद्र सरकारने 2000 साली पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रथम प्रसिद्ध केला, त्यातही झुडपी जमिनीला याच सदरात स्थान मिळाले. वस्तुतः ज्या जमिनीवर चिंकारा, खोकड आणि लांडगा नांदतात, शेळ्यामेंढ्या चरतात, ती पडीक कशी? एकदा तसे नाव पडले की तेथे कारखाना काढणे किंवा सौरपट्ट्या मांडणे हा विकासच ठरतो.

झाडे लावण्याच्या उत्साहाचेही तेच. मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प टेकड्यांवर लावले गेले, माळांवरही दाट लागवडी झाल्या. हेतू निर्मळ होता, परंतु मोकळ्या गवतात धावणाऱ्या प्राण्याला झाडांची गर्दी हा निवारा नव्हे. चिंकाऱ्यास पाण्याचीही फारशी अपेक्षा नसते. बरीचशी गरज तो खाद्यातूनच भागवतो. त्याला हवी असते ती दूरवर नजर पोचेल अशी मोकळी जागा. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली त्याच्यासाठी राखले गेले. त्याचे क्षेत्र पाच चौरस किलोमीटरांहून थोडेसेच अधिक आहे. त्यापलीकडचा माळ महसुली दप्तरात कोणत्याही नावाने असो, चिंकारा तेथेही चरतो.

यंदाच्या लागवडीचे बेत आखताना अधिकाऱ्यांनी आणि शाळांच्या हरित सेनांनी एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल, की खड्डे खणण्याचे काम पावसाळ्यापूर्वी, म्हणजे नेमके चैत्र-वैशाखात होते, आणि माळटिटवीची अंडी त्याच वेळी त्याच जमिनीवर असतात.