झूल कधी घालायची?

आमच्या चाचांच्या दारात एक नुकरा घोडी आहे. नुकरा म्हणजे पांढरी; वरातीला याच रंगाची मागणी असते. पूर्वी चाचा टांगा हाकत. रिक्षा आल्या, टांगा बंद पडला आणि घरची रोजी वरातीवर आली. दिवाळी सरली की लग्नांची गडबड सुरू होते. म्हणजे घोडीच्या कमाईचे दिवस आणि थंडीचे दिवस एकच. आणि खानदेशातली थंडी काही नावापुरती नसते. धुळे-नंदुरबारकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, एखाद्या आठवड्यात सहा-सातवरही येतो. दुपारी मात्र त्याच अंगणात ऊन चटका देतं.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. वरात रात्री अकराला संपली. बेंजो, फटाके, गर्दी, त्यात अंगावर जरीची जड झूल. घोडी घामाने निथळत होती. चाचांना ताप होता, म्हणून तिला घरी आम्ही आणलं. आम्हांला वाटलं, बिचारी गारठेल. जरीची झूल काढली आणि लगेच जुन्या गोधडीची, वरून रेक्झिन शिवलेली जाड झूल तिच्यावर घातली, पट्टे आवळले, पुढ्यात कडबा टाकला आणि समाधानाने जाऊन झोपलो.

फजरच्या वेळी चाचींनी हाक मारली. घोडी मान वळवून पोटाकडे बघत होती, पुढच्या पायाने जमीन उकरत होती. रात्रभरात लीद नव्हती. हौदातलं पाणी बर्फासारखं गार, आणि जेवढं होतं तेवढंच. झूल काढली तर खालचे केस चिकटून बसलेले, अंग ओलंचिंब. पशुवैद्यक डॉक्टर तासाभराने आले. नाकातून नळी घालून औषध दिलं, इंजेक्शनं दिली, आणि मग आमच्याकडे बघून म्हणाले, "पोट दुखतंय ते पाणी कमी आणि कोरडा चारा जास्त झाल्यामुळे. पण हे रेक्झिन कुणी घातलं?"

संध्याकाळी घोडीने लीद टाकली, अल्हम्दुलिल्लाह. पण पुढच्या आठ दिवसांतल्या वराती गेल्या आणि दोन घरांचा बयाणा परत करावा लागला. त्या बयाण्यातूनच चाचांच्या धाकट्या मुलीच्या कॉलेजची फी जाणार होती. चाचा आम्हांला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

शिकवणाऱ्यांना वाचायची खोड असते. तेव्हापासून आम्ही डॉक्टरांना विचारत, मिळेल ते वाचत, चाचांचं ऐकत गेलो. जे कळलं ते इथे मांडतो आहोत, कारण घोडा नसला तरी आपल्या कित्येक घरांत जनावर आहे आणि थंडीत त्याच्यावर काहीतरी टाकायची घाई आपण सगळेच करतो.

पहिली गोष्ट अशी की घोड्याला थंडी माणसासारखी लागत नाही. आपण स्वेटर शोधू लागतो त्या गारठ्यात घोडा खुशाल उभा असतो. साधारण ५ ते २५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात धडधाकट घोड्याला अंगाची ऊब राखायला वेगळी मेहनत घ्यावी लागत नाही. हिवाळ्याचे दाट केस असतील, अंग कोरडं असेल आणि वाऱ्याला आडोसा असेल, तर थंड मुलखातले घोडे शून्याखालच्या थंडीतही झुलीवाचून निभावतात. थंडीत त्याचे केस उभे राहतात, केसांमध्ये हवा अडकते आणि तीच रजई होते. त्यावर पातळ चादर टाकली तर केस दबतात, अडकलेली हवा निघून जाते. म्हणजे पातळ चादर काही वेळा ऊब देण्याऐवजी असलेली ऊब घालवते.

हे केस थंडी पडल्यावर उगवत नाहीत. दिवस लहान होऊ लागले की घोड्याचं शरीर उजेडावरून ओळखतं आणि तयारीला लागतं, हवा अजून उकाड्याची असतानाच. म्हणून ज्या तबेल्यात रात्री उशिरापर्यंत लख्ख दिवे जळतात, तिथल्या घोड्यांचे केस आखूड राहतात. हे कळलं तेव्हा आम्ही चाचांच्या अंगणात वर बघितलं. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत थेट घोडीच्या थानावर. शिवाय वरातीत चमक दिसावी म्हणून चाचा तिचे केस कातरतात. आपल्याकडे हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा दिवस यांत उत्तरेकडच्या देशांइतका फरकही नसतो. तेव्हा परदेशातल्या घोड्यांचे आकडे आपल्या घोडीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. आखूड केसांचं किंवा भिजलेलं जनावर १५ अंशांनाही गारठू शकतं.

सारंगखेड्याला हा फरक डोळ्यांनी दिसतो. शहादा तालुक्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश, पंजाब अशा कुठकुठून घोडे येतात. वळलेल्या कानांचे मारवाडी, काठियावाडी, पांढरे नुकरे. डिसेंबरची रात्र, नदीवरचा वारा, उघडं मैदान. कुणाच्या घोड्यावर जाड कांबळं, कुणाच्या पाठीवर गोणपाट, आणि शेजारीच एखादा लांब केसांचा घोडा उघडा, निवांत डोळे मिटून. आम्ही पूर्वी समजत असू की ज्याच्या घोड्यावर झूल नाही तो मालक निष्काळजी. आता असा निवाडा करायला जीभ धजत नाही.

मग ठरवायचं कशावरून? डॉक्टरांनी सांगितलं, आधी पारा बघू नका, घोडा बघा. अंग ओलं आहे का? वारा लागतोय का? हे दोन प्रश्न थंडीच्या आकड्याहून मोठे आहेत. सात अंशांची कोरडी, शांत रात्र घोडा सहज काढतो. बारा अंशांना अवकाळी पाऊस आणि वारा एकत्र आले तर तोच घोडा थरथरतो, कारण पाण्याने केस चिकटले की हवेची रजई राहत नाही. मग वय बघायचं. म्हातारं जनावर, आजारातून उठलेलं, रोडावलेलं, यांना झूल लवकर लागते. नुकत्याच जन्मलेल्या शिंगराला तर आपल्याकडच्या साध्या थंडीतही जपावं लागतं. आणि जे रोडावलं आहे ते नुसतं बघून कळत नाही. हिवाळ्याचे केस फसवतात. बोटं केसांत घालून बरगड्या चाचपाव्या लागतात.

हात हाच खरा थर्मामीटर. झूल घातलेली असेल तर खांद्यापाशी, झुलीच्या आत हात घालायचा. कोरडं आणि कोमट लागलं तर ठीक. दमट, घामट लागलं तर झूल जास्त झाली. कान किंवा पाय गार लागले म्हणून घाबरायचं कारण नसतं. घोड्याचे पाय थंडीत गार असतातच. पण अंग आखडून, शेपूट दाबून, वाऱ्याकडे पाठ करून तो उभा असेल किंवा थरथरत असेल, तर वाट बघू नये.

चाचांना आम्ही हे सगळं उत्साहाने सांगितलं, तेव्हा ते हसले. "अरे, जनावर आहे ते. त्याला काय हवं ते ते स्वतः सांगणार आहे का?"

गंमत म्हणजे सांगतं! नॉर्वेतल्या संशोधकांनी २३ घोड्यांना तीन पांढऱ्या पाट्या ओळखायला शिकवल्या. एका पाटीवर आडवी पट्टी, म्हणजे झूल घाला. दुसरीवर उभी पट्टी, म्हणजे झूल काढा. तिसरी कोरी, म्हणजे आहे तसं राहू द्या. घोड्याने नाकाने पाटीला स्पर्श करायचा. दोन आठवड्यांत सगळे घोडे शिकले. मग त्यांना वेगवेगळ्या हवेत विचारलं. पाऊस, वारा आणि गारठा असेल तेव्हा ते झूल मागत. ऊन पडलं की काढायला सांगत. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. दोन आठवड्यांत २३ पैकी २३ पास, असा निकाल आमच्या वर्गाचा कधी लागलेला नाही. चाचांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मालकांना शिकायला किती दिवस लागले?"

आता आमच्या रेक्झिनकडे येऊ. वरातीहून आलेला घोडा आतून तापलेला असतो आणि बाहेरून भिजलेला. त्या अवस्थेत त्याला उघड्या वाऱ्यात बांधणं वाईट, आणि हवा न जाणाऱ्या कापडात गुंडाळणंही वाईट. घाम आतच राहतो, केस वाळत नाहीत, आणि पहाटे पारा उतरतो तेव्हा जनावर ओल्या फडक्यात उभं असतं. आता चाचा वरातीनंतर तिला पंधरा-वीस मिनिटं सावकाश फिरवतात. मग कोरड्या गोणपाटाने अंग चोळतात, केसांच्या उलट दिशेनेही, म्हणजे केस उभे राहून लवकर वाळतात. त्यावर घोंगडी. लोकर घामाची वाफ बाहेर जाऊ देते आणि थोडी ओलसर झाली तरी ऊब धरते. अर्ध्या तासाने हात घालून बघतात. कोरडी असेल आणि थंडी बेताची असेल, तर घोंगडीही काढतात. कडाक्याची रात्र असेल तर दुसरी, कोरडी घालतात.

पट्टेही बघावे लागतात. मानेच्या मुळाशी पाठीचा जो उंचवटा असतो तिथे आणि खांद्यावर झूल घासते, केस जातात, जखम होते. सैल झूल रात्री घसरून पोटाखाली आली तर घोडा तिच्यात पाय अडकवून घेतो. म्हणून झूल घातली की जबाबदारी संपली असं नसतं. रोज एकदा ती पूर्ण काढून खरारा करायचा आणि अंगावर हात फिरवायचा.

ऊब पोटातूनही येते. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबतो आणि त्यातून उष्णता निघते. आपल्याकडे थंडीत बाजरी, गूळ वाढवायची पद्धत आहे. थोडं ठीक, पण रात्र काढायला दाण्यापेक्षा तंतुमय वैरण जास्त कामाची. ३५० किलोच्या घोडीला दिवसाला सात किलोच्या आसपास कोरडी वैरण लागते. थंडीत त्यातला मोठा भाग रात्रीला ठेवायचा. पण वैरणीबरोबर पाणी हवंच. घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो, आणि पाणी फार गार असलं की कमी पितो. आमच्या घोडीचं पोट याच कारणाने धरलं होतं. आता चाची चहाचं आधण ठेवतात तेव्हाच एक पातेलं पाणी घोडीसाठी तापवतात आणि बादलीत मिसळतात. चिमूटभर मीठ दाण्यात.

आणखी एक चूक बऱ्याच घरांत दिसते. थंडी म्हणून तबेला प्लॅस्टिकने चारी बाजूंनी बंद करतात आणि आत शेकोटी पेटवतात. कोंडलेल्या मुताचा वास आणि धूर घोड्याच्या छातीला थंडीपेक्षा जास्त त्रास देतात. वाऱ्याच्या बाजूने भिंत हवी, वरून छप्पर हवं, खाली कोरडं अंथरूण हवं. बाकी हवा खेळती राहू द्यावी.

उर्दू शिकवताना आम्ही मुलांना एक जोडी नेहमी सांगतो. घोड्याची देखभाल करणारा सईस आणि राज्यकारभार या अर्थाची सियासत, हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. मुलं हसतात. यंदा हा धडा घेताना आम्हांला मात्र हसू आलं नाही. सांभाळणं म्हणजे आपल्या मनात येईल ते लादणं नव्हे, हे आम्ही एका घोडीच्या पाठीवर शिकलो होतो, आणि फी चाचांनी भरली होती.

यंदा अडचण वेगळीच निघाली. घालायचं सगळ्यांना कळलं, काढायचं कुणी? आम्ही सातला शाळेत जातो. चाचा पहाटेच्या थंडीत घातलेली झूल काढायला विसरतात आणि बाजारात निघून जातात. अकरा वाजता ऊन तापलं की घोडी त्या लोकरीत पुन्हा घामाघूम. दोन दिवस असं झालं. शेवटी चाचींनी काम आपल्याकडे घेतलं. अंगणातल्या जांभाच्या झाडाची सावली हौदापर्यंत मागे सरकली की झूल काढायची, असं त्यांनी ठरवलं आहे. काढलेली झूल उलटी करून दोरीवर वाळत टाकतात. रस्त्यावरचा दिवा मात्र अजून तसाच आहे. थानाच्या वर ताडपत्रीचा आडपडदा बांधायचा बेत आहे. आणि ती रेक्झिनची गोधडी आता चाचांच्या सायकलच्या सीटवर शिवली आहे.