देवाच्या नारळाची बिस्किटे

संक्रांत आली की सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. गावोगावचे लोक येतात. पुढे आषाढी-कार्तिकीला पंढरपूर असते. अक्कलकोट, तुळजापूर तर बारा महिने चालूच असते. देवाला जायचे म्हणजे नारळ आलाच.

यात्रेहून माणसे परततात. घरात चार-पाच नारळ जमतात. एकाचा प्रसाद वाटतो. दुसऱ्याची चटणी होते. उरलेल्या वाट्या तशाच राहतात. दोन-तीन दिवसांत त्या बुळबुळीत होतात. मग खाववत नाही, आणि देवाचा म्हणून टाकवतही नाही.

शेजारच्या मावशी आम्हाला म्हणाल्या, “अहो, एवढ्या खोबऱ्याचं करायचं तरी काय? आणि इकडं पोरगं रोज बिस्किटाच्या पुड्याला पैसे मागतंय!”

मावशींनी एका दमात दोन अडचणी सांगितल्या. एकीचे उत्तर दुसरीत होते. नारळाचे पीठ करायचे, आणि त्याची बिस्किटे घरीच भाजायची.

पुड्यावरची अक्षरे वाचा

बिस्किटाचा पुडा हातात घ्या. मागची बाजू बघा. आत काय काय घातले आहे, ते तिथे बारीक अक्षरात लिहिलेले असते. आता आपल्याला वाचता येते. मग वाचून बघा. अक्षरे इंग्रजी असतील तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या.

जो जिन्नस जास्त, त्याचे नाव आधी लिहायचे, असा नियम आहे. बहुतेक साध्या पुड्यांवर मैदा पहिला असतो. त्याच्या मागे साखर आणि तेल असते.

मैदा म्हणजे कोंडा काढून टाकलेला गहू. कोंड्याबरोबर चोथाही जातो. चोथा पोट साफ ठेवतो आणि पोट भरल्यासारखे वाटते. शंभर ग्रॅम मैद्यात चोथा सुमारे ३ ग्रॅम असतो. ज्वारीत तो सुमारे १० ग्रॅम असतो. दूध आणि तेल काढून घेतलेल्या नारळाच्या पिठात तर ३५ ग्रॅमच्याही वर जातो.

नारळाचे पीठ कसे करायचे?

शहरात हे पीठ पाकिटात मिळते, पण महाग पडते. घरी ते फुकटात होते. ऊन मात्र कडक हवे. आपल्या सोलापूरला उन्हाची काय कमी? ढगाळ दिवशी हे काम काढू नका.

दोन ताजे नारळ घ्या. खोबरे काढून त्याचे बारीक तुकडे करा. थोडे कोमट पाणी घालून मिक्सरमध्ये किंवा पाट्यावर वाटा. स्वच्छ फडक्यात घालून घट्ट पिळा. पुन्हा थोडे पाणी घालून एकदा पिळा. जे निघाले ते नारळाचे दूध. ते त्याच दिवशी खिरीत किंवा आमटीत वापरा. फडक्यात राहिला तो चोथा. त्याचेच पीठ करायचे.

चोथा परातीत पातळ पसरा. वरून पातळ कापड बांधा, म्हणजे माशा बसणार नाहीत. दोन दिवस कडक ऊन द्या. संध्याकाळी परात घरात घ्या. चोथा हाताला कुरकुरीत लागला पाहिजे. ओल राहिली तर बुरशी धरते. मग तव्यावर मंद आचेवर जरासा गरम करा. लाल करू नका.

गार झाला की मिक्सरमध्ये थोडा थोडा फिरवा. एकसारखे फिरवत राहिलात तर तेल सुटून गोळा होतो. हा चोथा पिठाच्या गिरणीत नेऊ नका. त्यात तेलाचा अंश असतो, जाते चिकट होते. पीठ चाळून कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवा. पंधरा दिवसांत संपवा. खवट वास आला तर वापरू नका.

आमची फजिती

पहिल्या खेपेला आम्ही नुसत्या नारळाच्या पिठाची बिस्किटे केली. पिठाने सगळे दूध पिऊन टाकले. आणखी घातले, तेही प्याले. कसेबसे गोळे वळले. भाजून उचलायला गेलो तर हातात नुसता भुगा!

असे का झाले? ज्वारीच्या जुन्या पिठाला विरी राहत नाही, भाकरी थापताना तुटते. हे आपल्या बायकांना सांगायला नको. नारळाच्या पिठाला तर मुळीच विरी नाही. गव्हाच्या कणकेत चिकटपणा असतो. तो नारळात नाही. शिवाय नारळाचे पीठ पाणी फार ओढते.

म्हणून नारळाचे पीठ थोडेच घ्यावे. त्याला ज्वारीची आणि कणकेची जोड द्यावी. ज्वारी तर आपल्या घरची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे तिथल्या मातीचा गुण तिच्यात आहे, हे सरकारदरबारी मान्य झाले.

वीस बिस्किटांचे माप

ज्वारीचे पीठ – एक वाटी
कणीक – अर्धी वाटी
नारळाचे पीठ – अर्धी वाटी
घट्ट तूप – अर्धी वाटी
बारीक केलेला गूळ – अर्धी वाटी, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम
दूध – पाव वाटी, लागेल तसे आणखी
बेकिंग पावडर – लहान अर्धा चमचा
मीठ चिमूटभर, सुंठ किंवा वेलची चवीपुरती

तूप आणि गूळ हाताने चांगले फेसा. तिन्ही पिठे, मीठ, वेलची आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून त्यात घाला. दूध थोडे थोडे घालून गोळा करा. मग पाव तास झाकून ठेवा. घाई करू नका. तेवढ्या वेळात नारळाचे पीठ दूध पिऊन फुगते. गोळा कोरडा वाटला तर आणखी एक चमचा दूध घाला. लिंबाएवढे वीस गोळे करून हलकेच दाबा.

भट्टी नाही, मग?

जाड बुडाचे पातेले घ्या. तळाला दोन बोटे जाडीचे मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू पसरा. वर लहान कडे ठेवा. झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. ताटलीला तूप लावा. तिच्यावर बिस्किटे सुटी सुटी मांडा. ताटली कड्यावर ठेवून झाकण घाला. आच मंद करा. वीस-पंचवीस मिनिटांत बिस्किटाची खालची बाजू बदामी होते. एका ताटलीत सगळी मावणार नाहीत. दोन-तीन वेळा भाजा.

गरम बिस्किट मऊ असते. कच्चे राहिले असे समजून पुन्हा भाजू नका. गार झाले की ते खुसखुशीत होते. गावात बेकरी असेल तर तिच्या भट्टीत ताटे भाजून मिळतात का, ते विचारा. दिवाळीची नानकटाई अशीच भाजून आणायची चाल पुष्कळ ठिकाणी आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा

बिस्किट घरचे असले तरी ते गोडच. नारळाने मधुमेह बरा होत नाही. गुळानेही रक्तातली साखर वाढते. खोबऱ्याचे तेल आणि तूप दोन्ही जड. म्हणून डबा समोर ठेवून खात बसू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेचे माप सांगितले. मोठ्या माणसाने दिवसाला ५० ग्रॅमच्या आत राहावे. २५ ग्रॅमच्या आत राहिले तर आणखी चांगले. त्यात गूळ, साखर, चहातली साखर सगळे आले. आपल्या एका बिस्किटात गूळ साडेतीन ग्रॅम आहे. दोन खाल्ली तर सात. हा हिशेब आपल्याला करता येतो, कारण गूळ आपल्याच हाताने मोजून घातलेला असतो. घरच्या बिस्किटाचा खरा फायदा हाच. मधुमेह असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावे.

मावशींनी दुसऱ्या खेपेची बिस्किटे नातवाला दिली. तो म्हणाला, “पुड्यातल्यासारखी नाहीत.” मावशी म्हणाल्या, “नाहीतच मुळी. खा गपचूप.” त्याने दोन खाल्ली आणि तिसऱ्यासाठी हात पुढे केला. मावशींनी डब्याचे झाकण लावले. “उद्या,” त्या म्हणाल्या.

पुढच्या यात्रेचा नारळ फळीवर वाळू देऊ नका. करून बघा.