माळरानावरची सफारी

सफारी म्हटलं की टांझानियातलं सेरेंगेटी आठवतं: नजर पोचेल तिथवर गवत आणि त्यात चरणारे कळप. आकाराने कितीतरी लहान, पण तसंच उघडं गवताळ रान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला आहे. पुणे वन विभागाने २०२४ मध्ये तिथे सफारी सुरू केली. ऑनलाइन नोंदणी करायची आणि स्थानिक गाइडबरोबर निघायचं.

इथे सिंह नाही. इथला मुख्य शिकारी लांडगा. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाच्याच, म्हणजे पहिल्या अनुसूचीत ठेवलंय. शिवाय तरस, खोकड, चिंकारा आणि खुरट्या गवतात तुरुतुरु पळणारा धाविक पक्षी. चिंकाऱ्यासाठी सुप्याजवळ १९९७ पासून मयूरेश्वर अभयारण्यही आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं.

लांडगा मेंढरू उचलतो, तरी धनगर पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी वाडा टाकत आले आहेत. इथल्या प्राण्यांना खरा धोका वेगळाच आहे. माळाला ‘पडीक’ ठरवून त्यावर झाडं लावली की गवत मरतं, चिंकारा हटतो. भटक्या कुत्र्यांकडून रोग येतात, लांडग्यांशी त्यांचा संकरही होतो.

जायचं तर पहाटे, आणि गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवावी; धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतो.