जुन्या कॉर्व्हेटचा हँडब्रेक

शेव्हरोले कॉर्व्हेटला 1965 साली चारही चाकांना डिस्क ब्रेक आले आणि हँडब्रेकची रडकथा तिथूनच सुरू झाली. मागच्या डिस्कच्या पोटात एक छोटा ड्रम असतो. हँडब्रेकचे इवलेसे शू त्यात बसतात. आतल्या स्प्रिंगा, पिना, अ‍ॅडजस्टर साध्या पोलादाचे. पाणी शिरलं की सगळं गंजून एकजीव! म्हणून जाणकार सरळ स्टेनलेस स्टीलचा संच बसवतात.

खरी अडचण तिथवर पोचण्याची. कारखान्यातून डिस्क स्पिंडलला रिव्हेट मारून यायची. रिव्हेट ड्रिलने उडवण्याआधी डिस्क कशी बसली होती त्याची खूण करा. परत बसवल्यावर ती डगमगते का, हे डायल गेज लावून तपासाच. डगमगली तर कॅलिपरचे पिस्टन मागेपुढे होतात, ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरते आणि हँडब्रेकच्या नादात मुख्य ब्रेकच बिघडतो.

सेटिंग सोपं आहे. केबल सैल सोडा, डिस्कच्या भोकातून अ‍ॅडजस्टरची दातेरी चकती गाडीचं चाक अडेपर्यंत फिरवा, मग 6 ते 8 दाते मागे घ्या. केबल सगळ्यात शेवटी ताणायची. आधीच केबल ताणून वेळ मारून नेणाऱ्या मेकॅनिकच्या हाती गाडी देऊ नका.