दूरचित्रवाणी वाहिन्यांची बोधचिन्हे

पडद्यावर दिसणारे प्रक्षेपण कोणत्या संस्थेचे वा वाहिनीचे आहे, हे प्रेक्षकास तत्काळ ओळखता यावे म्हणून योजिलेल्या आकृती, अक्षररचना, रंग व संकेतधुनी. यांत तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात : (१) दोन कार्यक्रमांच्या दरम्यान काही सेकंद दाखविले जाणारे हलते ओळखचित्र, (२) कार्यक्रम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात सतत दिसणारी लहान मुद्रा आणि (३) सूचनाफलक, वृत्तपट्टी, घोषवाक्य इ. पूरक सामग्री. वृत्तपत्राचे नाव त्याच्या पहिल्या पानावर छापलेले असते, दुकानावर पाटी असते. प्रक्षेपण मात्र अदृश्य तरंगांतून घरात येते व त्याला स्वतःची अशी पाटी नसते. ती उणीव बोधचिन्ह भरून काढते. दाखविलेल्या मजकुराची जबाबदारी कोणाची, हेही प्रेक्षकास त्यावरूनच कळते. [→ दूरचित्रवाणी, बोधचिन्ह].

प्रारंभ : आरंभीच्या काळात प्रक्षेपण दिवसातून काही तासच चाले व उरलेल्या वेळी ग्राहक संचाची जुळवणी करण्यासाठी परीक्षण-आकृती दाखविली जाई. अमेरिकेतील आर्‌सीए या कंपनीची, रेड इंडियन प्रमुखाचे मुख असलेली आकृती (१९३९) व ब्रिटनमधील बीबीसीची, फळ्याजवळ बसलेल्या मुलीचे छायाचित्र असलेली आकृती (१९६७) या विशेष प्रसिद्ध आहेत. जाणीवपूर्वक केलेल्या बोधचिन्हांचा काळ १९५० नंतर सुरू होतो. अमेरिकेतील सीबीएस या जाळ्यासाठी विल्यम गोल्डन यांनी केलेली डोळ्याची आकृती १९५१ मध्ये प्रथम पडद्यावर आली. बीबीसीचे पहिले हलते चिन्ह एब्रम गेम्स यांनी १९५३ मध्ये तयार केले. ते एक यांत्रिक प्रतिरूप होते आणि प्रत्यक्ष फिरवून त्याचे चित्रण केले जाई. रंगीत प्रक्षेपणाची जाहिरात म्हणून एन्‌बीसीने १९५६ मध्ये मोराचे चिन्ह स्वीकारले. त्या वेळी बहुतेक घरांत कृष्णधवल संच असल्याने या मोराचे रंग सामान्य प्रेक्षकास दिसतच नसत. रंगीत संच घेण्याची इच्छा निर्माण करणे, हेच त्याचे प्रयोजन होते.

पुढचा महत्त्वाचा टप्पा संगणकाचा. ब्रिटनमधील चॅनल फोर ही वाहिनी २ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाली, तेव्हा मार्टिन लँबी-नायर्न यांच्या संस्थेने तयार केलेले तिचे चिन्ह (रंगीत ठोकळे अवकाशातून येऊन ‘४’ हा आकडा जुळणे) संगणकीय चलच्चित्रणाने साकारलेले होते. अमेरिकेतील एम्‌टीव्हीने (१९८१) याच्या अगदी उलट मार्ग धरला. अक्षरांचा आराखडा कायम ठेवून त्याचे रंग, पोत व पार्श्वभूमी सतत बदलती ठेवणे, हे तिच्या चिन्हाचे वैशिष्ट्य होते. बोधचिन्ह म्हणजे एकच अपरिवर्तनीय मुद्रा नव्हे, ही कल्पना त्यामुळे रूढ झाली.

दूरदर्शन : भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला व मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७६ पर्यंत ही सेवा आकाशवाणीचाच एक भाग होती. १ एप्रिल १९७६ रोजी ‘दूरदर्शन’ ही स्वतंत्र संघटना झाली, तेव्हा तिला स्वतःच्या चिन्हाची गरज भासली. ते काम अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेकडे (एन्‌आय्‌डी) सोपविण्यात आले. तेथील विद्यार्थी देबाशिष भट्टाचार्य यांनी केलेला आराखडा, आलेल्या अनेक आराखड्यांतून तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी निवडला. मध्यभागी वर्तुळ व त्याला दोन बाजूंनी कवेत घेणारे दोन वक्र अशी ही आकृती असून तिच्यात मानवी डोळ्याचा भास होतो. आर्. एल्. मिस्त्री यांनी या आकृतीच्या प्रती कॅमेऱ्याखाली टप्प्याटप्प्याने फिरवून चलच्चित्र तयार केले. विखुरलेले वक्र गिरक्या घेत एकत्र येतात व अखेरीस स्थिर होतात, एवढाच त्यातील प्रसंग आहे. संकेतधून पंडित रविशंकर यांनी उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्या सहकार्याने बांधली. सनईचे ते सूर आणि खाली उमटणारे ‘सत्यं शिवं सुंदरम्’ हे शब्द यांनी एका संपूर्ण पिढीची संध्याकाळ सुरू होत असे.

या चिन्हाचे यश त्याच्या साधेपणात आहे. ते कोणत्याही एका भाषेच्या वा लिपीच्या आधारावर उभे नाही. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यासही ते कळते. लहान कृष्णधवल पडद्यावर, दुर्बळ संदेशामुळे चित्रात मुंग्या आल्या तरी त्याची बाह्यरेषा टिकून राहते. मराठवाड्याच्या ग्रामीण भागात हा गुण विशेष उपयुक्त ठरला. अंबाजोगाई येथील उच्चशक्ती प्रक्षेपकामुळे परळी तालुक्यातील सिरसाळा व त्याच्या आसपासच्या गावांपर्यंत दूरदर्शनचे चित्र पोहोचू लागले. छपरावरचा अँटेना फिरवीत असताना चित्र नीट लागल्याची खूण म्हणून प्रेक्षक या ओळखीच्या आकृतीकडे पाहत. चिन्हाइतकेच महत्त्व निवेदिकेलाही होते. पुढील कार्यक्रमाची घोषणा करणारा तिचा चेहरा हीच मुंबई केंद्राची ओळख होती. प्रक्षेपण तुटले की ‘व्यत्यय’ हा स्थिर फलक येई, व तोही लोकांच्या बोलण्यात रुजला.

दूरदर्शनचे मूळ चिन्ह पुढील काळात रंग, घनाकृती व चकाकी यांनी अनेकदा सजविले गेले. परंतु वर्तुळ व दोन वक्र ही रचना टिकून राहिली. प्रादेशिक मराठी सेवेला २००० मध्ये ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले, तेव्हाही ही रचना सोडण्यात आली नाही. २०१७ मध्ये प्रसार भारतीने नव्या चिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. तथापि जुनी आकृती रद्द झाली नाही. एप्रिल २०२४ मध्ये ‘डीडी न्यूज’ या वाहिनीने आपल्या चिन्हाचा तांबडा रंग बदलून केशरी केला. लोकसभा निवडणुकीच्या काळात हा बदल झाल्याने त्याला राजकीय हेतू चिकटविला गेला; प्रसार भारतीने त्याचे समर्थन दृश्य आकर्षकतेच्या कारणाने केले. सार्वजनिक प्रसारणसंस्थेचे चिन्ह ही साऱ्या समाजाची मालमत्ता मानली जाते व तिच्या निःपक्षपातीपणाची साक्ष प्रेक्षक त्या चिन्हातही शोधतो, हे या वादावरून स्पष्ट होते. [→ दूरदर्शन, प्रसार भारती].

उपग्रह वाहिन्या व मराठी : झी टीव्ही (२ ऑक्टोबर १९९२) व तिच्या आगेमागे आलेल्या अन्य उपग्रह वाहिन्यांमुळे बोधचिन्हाचे कार्य बदलले. दूरदर्शन एकटे होते तोवर चिन्ह ही केवळ मुद्रा होती. अनेक वाहिन्या झाल्यावर ती स्पर्धेतील खूण ठरली. गावोगावचे केबलचालक आपापल्या सोयीने वाहिन्यांचा क्रम लावीत. एकच वाहिनी एका गावात सातव्या, तर दुसऱ्या गावात चाळिसाव्या क्रमांकावर दिसे व तो क्रमही अधूनमधून बदले. क्रमांक भरवशाचा नसल्याने दूरनियंत्रकाची बटणे दाबीत जाणारा प्रेक्षक कोपऱ्यातील मुद्रा पाहूनच थांबत असे.

मराठी वाहिन्यांच्या नावांचा इतिहास पाहता मुद्रेमागील अर्थकारण ध्यानात येते. ‘अल्फा टीव्ही मराठी’ ही वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली व २००५ मध्ये तिचे नाव ‘झी मराठी’ असे झाले. ‘ई टीव्ही मराठी’ (२०००) ही २०१५ मध्ये ‘कलर्स मराठी’ झाली. ‘स्टार माझा’ (२००७) हे वृत्तवाहिनीचे नाव २०१२ मध्ये ‘एबीपी माझा’ असे बदलले. ‘आयबीएन लोकमत’ (२००८) ही पुढे ‘न्यूज१८ लोकमत’ झाली. या प्रत्येक बदलात नावाचा एक भाग राष्ट्रीय उद्योगसमूहाचा, तर दुसरा मराठी भाषेचा वा मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. मालकी बदलली की पहिला भाग बदलतो. ‘मराठी’, ‘माझा’, ‘लोकमत’ हा दुसरा भाग मात्र जपला जातो, कारण प्रेक्षकाचा जिव्हाळा त्याच्याशी जडलेला असतो. समूहाचे चिन्ह सर्व भाषांत सारखे ठेवल्याने खर्च वाचतो व जाहिरातदारास एकत्रित ओळख मिळते. परंतु प्रादेशिक वाहिनीचे स्वतंत्र रूप त्यात फिकट होते. ‘सह्याद्री’ किंवा ‘प्रवाह’ यांसारखी नावे या दृष्टीने लक्षणीय होत.

लिपी व तंत्र : देवनागरी अक्षरांच्या मुद्रेपुढे काही विशेष अडचणी असतात. नागरीत मात्रा, वेलांटी व अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली येतात. त्यामुळे ठरावीक उंचीच्या मुद्रेत मूळ अक्षरास रोमन लिपीच्या मानाने कमी जागा उरते. जुन्या ऋण किरण नलिकेच्या संचात ६२५ रेषांचे चित्र दोन क्षेत्रांत विभागून, एकाआड एक रेषा घेऊन क्रमवीक्षित केले जाई. केवळ एका क्रमवीक्षण-रेषेइतकी बारीक आडवी रेघ दोहोंपैकी एकाच क्षेत्रात येत असल्याने सेकंदाला २५ वेळा लुकलुके. शिरोरेषा ही आडवीच असल्याने पडद्यावरील नागरी अक्षरे जाड शिरोरेषेची ठेवणे श्रेयस्कर असे. शिवाय संचाच्या चौकटीखाली चित्राच्या कडा झाकल्या जात. म्हणून मुद्रा कडेपासून पुरेशी आत ठेवावी लागे. एकाच ठिकाणी सतत उजळणाऱ्या चिन्हामुळे पडद्याच्या अनुस्फुरकावर कायमचा डाग पडण्याचा संभव असे. मुद्रा पारदर्शक वा फिक्या रंगाची ठेवण्याच्या प्रथेमागे हेही एक कारण आहे. मराठी नाटकांच्या जाहिरातींतून अक्षरलेखनाची समृद्ध परंपरा निर्माण करणाऱ्या कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्यासारख्या कलावंतांनी नागरी अक्षरास चित्राचे सामर्थ्य दिले होते. वाहिन्यांच्या मुद्रांत मात्र पुष्कळदा रोमन अक्षराचे समूहचिन्ह प्रधान व नागरी नाव दुय्यम असे दिसते.

पडद्यावरील अन्य मजकूर : अमेरिकेतील प्रमुख जाळ्यांनी कोपऱ्यातील मुद्रा १९९० नंतरच्या काही वर्षांत स्वीकारली. प्रक्षेपणाच्या चोरीस आळा घालणे व ध्वनिचित्रफितीवर उतरविलेल्या कार्यक्रमाचा उगम कळणे, हे तिचे आणखी दोन उपयोग होत. खेळांच्या प्रक्षेपणात धावफलक वा गुणफलक सतत दाखविण्याची प्रथा ब्रिटनमधील स्काय स्पोर्ट्‌सने १९९२ मध्ये रूढ केली. पडद्याच्या तळाशी अखंड सरकणारी वृत्तपट्टी ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यानंतर वृत्तवाहिन्यांत कायमची झाली. मराठी वृत्तवाहिन्यांत मुद्रा, पट्टी, ठळक मथळा, घड्याळ व जाहिरात यांनी पडद्याचा मोठा भाग व्यापलेला असतो. ओळख पटविण्यासाठी आलेली सामग्री अशा वेळी मूळ दृश्यालाच झाकते.

कायदा व सद्यःस्थिती : भारतात वाहिनीचे नाव वा बोधचिन्ह बदलण्यासाठी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते. बोधचिन्ह व्यापारचिन्ह कायद्याखाली (१९९९) नोंदविता येते. ‘डीडी डायरेक्ट प्लस’ (२००४, पुढे ‘डीडी फ्री डिश’) व इतर थेट घरपोच सेवा, तसेच २०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने झालेले केबल सेवेचे अंकीकरण यांमुळे प्रत्येक सेवेत वाहिन्यांना निश्चित क्रमांक मिळाले आणि पडद्यावर वाहिन्यांची नामावली दिसू लागली. २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक सदृश भूप्रक्षेपक बंद झाल्याने अँटेनाचा काळही संपला. भ्रमणध्वनीवरील वाहिनीचे चिन्ह आता अंगठ्याएवढ्या चौकोनात ओळखू यावे लागते. म्हणून घनाकृती व चकाकी टाकून सपाट, मोजक्या रंगांच्या आकृतींकडे सर्वत्र कल दिसतो. १९७६ मधील दूरदर्शनची आकृती या कसोटीस सहज उतरते.

संगणकाच्या साहाय्याने कोणतीही मुद्रा हुबेहूब उमटविणे आता सोपे झाले आहे. नामांकित वृत्तवाहिन्यांची मुद्रा, रंग व अक्षरवळण वापरून केलेले बनावट वृत्तफलक समाजमाध्यमांवरून पसरविले जातात व वाहिन्यांना त्यांचा इन्कार करावा लागतो. बोधचिन्हावरून उगम ओळखावा, ही सवय प्रेक्षकांस अनेक दशकांत लागली. तिचाच गैरफायदा येथे घेतला जातो. त्यामुळे केवळ मुद्रा पाहून बातमी खरी न मानता ती त्या वाहिनीच्या मूळ प्रक्षेपणात आली होती किंवा नाही, हे पडताळणे आवश्यक ठरते. [→ जाहिरात, वृत्तप्रसारण].