बोर्ड शेन्झेनहून भरून आणायचा की भोसरीत भरायचा?

एलईडी ड्रायव्हरच्या बोर्डाचं शेन्झेनचं कोटेशन स्वस्तच दिसतं. पण त्यात जहाजाचं भाडं, कस्टम ड्युटी, आयजीएसटी धरलाय का? आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, हो, पण पैसे आधी अडकतात ना!

माझ्या पहिल्या 500 बोर्डांवर कपॅसिटर उलटा बसवलेला निघाला. पेमेंट तर आधीच होऊन गेलेलं. परत पाठवणं परवडेना, मग मी आणि दुकानातला पोरगा, आठ रात्री सोल्डरिंग करत बसलो.

आता भोसरीत भरून घेतो. बोर्डामागे जास्त द्यावे लागतात, पण आधी 20 नग चालवून बघतो, मगच पुढची ऑर्डर. डिझाइन अजून बदलत असेल तर तुम्हीही असंच करा. चिप्स मात्र बाहेरच्याच येतात बरं का!